विकल्प : निवड आणि शंका यांना एकच शब्द का?

आजच्या व्याख्यानाचा विषय एकच शब्द आहे, आणि तो आपण सगळे वापरतो. विकल्प.

तुमच्यापैकी जे सरकारी किंवा अनुदानित नोकरीत होते किंवा आहेत, त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. नवा वेतन आयोग लागू झाला की कर्मचाऱ्याने विकल्प द्यायचा असतो. नव्या वेतनश्रेणीत लगेच जायचं, की पुढची वेतनवाढ मिळेपर्यंत जुन्या श्रेणीत थांबायचं, ते लिहून द्यायचं. खाली अट असते की एकदा दिलेला विकल्प अंतिम राहील. रेल्वेचं तिकीट काढणाऱ्यांनाही शब्द ओळखीचा आहे. प्रतीक्षा यादीत नाव अडकलं तर दुसऱ्या गाडीत जागा देण्याची जी योजना 2015 साली सुरू झाली, तिचं नावच 'विकल्प'. इथे अर्थ सरळ आहे. दोन किंवा अधिक वाटा, त्यातली एक घ्यायची.

आता दुसरा वापर बघा. जुन्या पिढीतली माणसं म्हणत, "मनात विकल्प आणू नका हं." पाहुणा जेवायला थांबला नाही, बोलण्यात काही कमी-जास्त झालं, तर हे वाक्य हमखास यायचं. इथे विकल्प म्हणजे निवड नव्हे. इथे विकल्प म्हणजे शंका, किंतु, मनात आलेली अढी.

मग प्रश्न असा की ज्या शब्दाने आपण निवड सांगतो, त्याच शब्दाने शंका का सांगतो? हा नुसता योगायोग आहे का? माझं म्हणणं असं आहे की हा योगायोग नाही. या एका शब्दात आपल्याकडच्या हजारो वर्षांच्या विचाराचा एक धागा अडकलेला आहे, आणि तो आजही आपल्या कामाचा आहे. तोच आज उलगडायचा आहे.

शब्दाची घडण

मुळात धातू आहे 'क्लृप्'. नीट बसणं, योग्य होणं, जुळणं, समर्थ होणं असे त्याचे अर्थ. या एका धातूचं कुटुंब मोठं आहे. कल्प म्हणजे रीत, विधी; म्हणून वेदांगांत कल्पसूत्रं आहेत. कल्पना म्हणजे मनाने केलेली मांडणी. आणि त्याला उपसर्ग लागले की जोडी तयार होते, संकल्प आणि विकल्प.

'सम्' म्हणजे एकत्र. पूजेला बसल्यावर आपण संकल्प सोडतो, तेव्हा काय करतो? स्थळ, काळ, स्वतःचं नाव-गोत्र, आणि काय करणार ते, हे सगळं एका वाक्यात आणून बांधतो. विखुरलेलं मन एका जागी आणतो. 'वि' म्हणजे वेगळं, फुटून. विकल्प म्हणजे जी मांडणी एक होती ती फुटली, दोन झाली. रस्त्याला जसा फाटा फुटतो तसा विचाराला फाटा फुटला.

लक्षात घ्या, या घडणीत निवडणं अजून कुठेच नाही. फक्त फाटा आहे. फाट्यावर उभा असलेला माणूस एका नजरेने पाहिला तर निवड करणारा आहे, आणि दुसऱ्या नजरेने पाहिला तर घोटाळ्यात पडलेला आहे. दोन्ही अर्थांची बीजं इथेच आहेत. कुठलं बीज कुठे रुजलं, ते आता पाहू.

व्याकरणातला विकल्प

पहिलं शेत व्याकरणाचं. पाणिनीने अष्टाध्यायीत भाषेचे नियम बांधले. पण भाषा म्हणजे काही लष्कर नव्हे. एकाच अर्थासाठी लोक दोन रूपं वापरतात. आपल्याकडेही 'तिनं' आणि 'तिने' दोन्ही चालतं. अशा ठिकाणी पाणिनी म्हणतो, हेही होतं आणि तेही. त्यासाठी तो तीन शब्द वापरतो: 'वा', 'विभाषा' आणि 'अन्यतरस्याम्'.

परंपरेने या तिन्ही शब्दांचा अर्थ एकच धरला, विकल्प. 1979 साली पॉल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञाने एक वेगळी मांडणी केली. ते पुस्तक पुणे विद्यापीठाच्या संस्कृत प्रगत अध्ययन केंद्राने प्रसिद्ध केलं, संपादन शि. द. जोशी यांचं. किपार्स्कीचं म्हणणं असं की पाणिनीसारखा काटकसरी माणूस एका अर्थासाठी तीन शब्द उगाच खर्च करणार नाही. त्याच्या मते 'वा' म्हणजे हे रूप होतं आणि तेच अधिक पसंतीचं. 'विभाषा' म्हणजे होतं, पण न झालेलं बरं. आणि 'अन्यतरस्याम्' म्हणजे दोन्ही सारखीच.

किपार्स्कीचं सगळ्यांनाच पटलं असं नाही. पण प्रश्न फार मोलाचा आहे. दोन वाटा आहेत एवढं म्हणून भागत नाही, त्या दोघींचं वजन काय? दोन्ही सारख्या आहेत की एक राजरस्ता आणि एक पायवाट? हा वजनाचा मुद्दा गाठीला बांधून ठेवा, पुढे तो लागणार आहे.

तांदूळ की जव?

आता मुख्य कथाभागाकडे येऊ. विकल्पाचा सगळ्यात कसोशीने विचार कोणी केला असेल तर तो मीमांसकांनी. मीमांसा हे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचं शास्त्र. जैमिनीची सूत्रं, त्यावर शबराचं भाष्य, त्यावर सातव्या शतकाच्या सुमाराला कुमारिलभट्ट. आज यज्ञ फारसे होत नाहीत, म्हणून मीमांसा कालबाह्य झाली असं आपण समजतो. पण वाक्याचा अर्थ कसा लावायचा, दोन आज्ञा एकमेकींशी भांडायला लागल्या तर काय करायचं, हे प्रश्न यज्ञाबरोबर संपलेले नाहीत. कुठलाही वकील तुम्हाला ते सांगेल.

त्यांचं ठरलेलं उदाहरण असं. यज्ञात पुरोडाश करायचा असतो, म्हणजे पिठाची जाड भाकरीसारखी वस्तू. एक वचन सांगतं, तांदळाचा करा. दुसरं सांगतं, जवाचा करा. दोन्ही वचनं वेदाची, दोन्ही प्रमाण. काम मात्र एकच, पुरोडाश होणं. दोन्ही धान्यं मिसळावीत तर तसं सांगितलेलं नाही, आणि मिसळलं तर दोन्ही वचनं मोडतात. तेव्हा विकल्प मानावा लागतो. तांदूळ घ्या किंवा जव घ्या.

तुम्ही-आम्ही म्हणू, झालं, सुटला प्रश्न! मीमांसक म्हणतात, थांबा. तुम्ही जव घेतला तेव्हा नेमकं काय केलंत ते बघा. तांदूळ सांगणारं वचन प्रमाण होतं, ते प्रामाण्य तुम्ही सोडलंत. हा एक दोष. आणि नुसतं सोडलं नाहीत, तर ते वचन जणू अप्रमाण आहे असं धरून चाललात, त्याला काहीही आधार नसताना. हा दुसरा. पुढच्या खेपेला तुम्ही तांदूळ घेतलात. म्हणजे ज्याला अप्रमाण मानलं होतं ते मानणं मागे घेतलंत. हा तिसरा. आणि टाकून दिलेलं प्रामाण्य पुन्हा उचललंत. हा चौथा. तांदळाच्या वचनाच्या बाबतीत हे चार, आणि जवाच्या वचनाच्या बाबतीत असेच चार. एकूण आठ. म्हणून मीमांसेत विकल्पाला एक विशेषण कायमचं चिकटलं, 'अष्टदोषदुष्ट'. आठ दोषांनी बाधलेला.

आता हा कीस काढण्याचा प्रकार वाटेल. तसा तो आहेही. पण त्याच्या तळाशी जे आहे ते मला फार मानवी वाटतं. दोन वाटांपैकी एक खोटी असती तर निवड सोपी होती. खरं दुखतं ते दोन्ही खऱ्या असताना. आईवडिलांजवळ गावी राहायचं की मुलांच्या शिक्षणासाठी शहरात यायचं? दोन्ही कर्तव्यंच आहेत. एक घेतलं की दुसऱ्याला आपण आपल्या वागण्यातून खोटं ठरवतो, ते खोटं नसताना. आणि मग स्वतःची समजूत घालण्यासाठी सोडलेल्या वाटेला नावं ठेवायला लागतो. 'गावात काय ठेवलंय आता?' असं म्हणतो. हाच तो दुसरा दोष. आधार नसताना अप्रमाण मानणं. आणि दहा वर्षांनी गावची ओढ लागली की तिसरा आणि चौथा दोष आपोआप येतात.

विकल्प टाळण्याच्या युक्त्या

आठ दोष असल्यामुळे मीमांसकांनी नियम केला की विकल्प हा शेवटचा उपाय. आधी बाकीचे सगळे मार्ग करून बघा.

पहिला मार्ग, एक वचन सर्वसाधारण आणि दुसरं विशेष आहे का ते बघा. तसं असेल तर विशेष वचन आपल्या जागी चालेल, बाकी ठिकाणी सर्वसाधारण. दुसरा मार्ग समुच्चय. दोन्ही गोष्टी एकत्र करता येतात का? येत असतील तर दोन्ही करा, भांडण कशाला? तिसरा मार्ग अधिक बारीक आहे, त्याला पर्युदास म्हणतात. यज्ञात आहुतीच्या वेळी 'ये यजामहे' हे शब्द म्हणायचे असतात. दुसरीकडे म्हटलं आहे की अनुयाज नावाच्या आहुतींत ते म्हणायचे नाहीत. याला सरळ मनाई मानलं, तर एक वचन 'म्हणा' सांगतं आणि दुसरं 'म्हणू नका', म्हणजे विकल्प गळ्यात पडतो. मीमांसक म्हणतात, दोन्ही वाक्यं मिळून एकच वाक्य आहे असं वाचा: अनुयाज सोडून बाकीच्या आहुतींत हे शब्द म्हणा. झालं, भांडणच संपलं. कायद्याच्या कलमाखाली जो 'परंतु' असतो, त्याचाच हा पूर्वज म्हणा ना.

चौथा मार्ग आपल्या घरातल्या भिंतीवर टांगलेला आहे. कॅलेंडर बघा. कधी कधी एकादशी लागोपाठ दोन दिवस छापलेली असते, एका दिवशी स्मार्त एकादशी आणि दुसऱ्या दिवशी भागवत एकादशी. उपास कधी करायचा? वरवर पाहिलं तर हा विकल्प आहे. पण तुम्हाला हवा तो दिवस घ्या असा त्याचा अर्थ नाही. वारकरी आणि वैष्णव भागवत एकादशी धरतात, स्मार्त आपली धरतात. वाटा दोन, पण कोणी कुठल्या वाटेने जायचं ते ठरलेलं. याला नाव आहे व्यवस्थित विकल्प. इथला 'व्यवस्थित' म्हणजे टापटीप नव्हे, तर व्यवस्था लावून दिलेला, वाटून दिलेला. याच्या उलट तो ऐच्छिक विकल्प, जिथे खरोखर आपली इच्छा चालते. अशा निर्णयांसाठीच आपल्याकडे मोठमोठे ग्रंथ झाले. कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधु 1612 सालचा. हे काशीचं भट्ट घराणं मूळ पैठणचं. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरला काशीनाथ उपाध्यायांनी धर्मसिंधु लिहिला. या ग्रंथांच्या नावातला शब्द बघा: निर्णय. विकल्पाच्या जंगलातून बाहेर पडण्याची ती वाट.

या सगळ्यात एक धोका आहे, तोही सांगायला हवा. व्यवस्थित विकल्पात निवड उरतच नाही. तुझा जन्म कुठे झाला, त्यावर तुझी वाट ठरते. आठ दोष टळतात, पण माणसाची इच्छाही टळते. धर्मशास्त्राने अनेक ठिकाणी निवडीचं ओझं माणसाच्या डोक्यावरून उतरवलं, आणि त्याबरोबर निवडीचा हक्कही काढून घेतला. कोणाकडून किती काढून घेतला, याचा हिशोब स्त्रियांना आणि ज्यांना जातीच्या उतरंडीत खाली ठेवलं गेलं त्यांना विचारावा.

जिथे पळवाट नाही

काही ठिकाणी मात्र मीमांसकांचे सगळे उपाय थकले. अतिरात्र नावाच्या सोमयागात षोडशी नावाचं एक सोमपात्र असतं. एक वचन म्हणतं, ते घ्यावं. दुसरं म्हणतं, घेऊ नये. प्रसंग तोच, पात्र तेच. सर्वसाधारण-विशेष असा भेद नाही. दोन्ही एकदम करणं शक्य नाही, कारण घेणं आणि न घेणं यांचा समुच्चय कसा होणार? अपवाद काढावा तर ज्यातून काढायचा ती जागाच शिल्लक राहत नाही. इथे मीमांसकांनी हात टेकले आणि आठ दोषांसकट विकल्प मान्य केला. घेतलं तरी चालेल, न घेतलं तरी चालेल. आणि इथे न घेणाऱ्यालाही दोष लागत नाही.

या उदाहरणात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. 'नाही' हासुद्धा विकल्प होऊ शकतो. पण केव्हा? जेव्हा तो 'हो'च्या तोडीचा असतो तेव्हाच. गौतमाच्या धर्मसूत्रात अगदी सुरुवातीलाच ही अट आली आहे: विरोध समान बळाच्या वचनांत असेल, तरच विकल्प. मनुस्मृतीतही दोन श्रुतींचा विरोध आला तर दोन्हींना धर्म म्हटलं आहे आणि अग्निहोत्राच्या वेळेचं उदाहरण दिलं आहे. सूर्य उगवल्यावर, उगवण्यापूर्वी, किंवा संधिप्रकाशात. शब्द लक्षात ठेवा, तुल्यबल. पाणिनीपाशी आपण जो वजनाचा मुद्दा गाठीला बांधला होता, तोच हा.

विकल्प मनात शिरतो

आतापर्यंत विकल्प बाहेर होता. वचनांत, विधींत, रूपांत. तो मनात कसा शिरला? इथे तत्त्वज्ञानाची बाकीची दर्शनं येतात.

पतंजलीच्या योगसूत्रांत चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या आहेत. प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा, स्मृती. इथला विकल्प म्हणजे निवड मुळीच नव्हे. शब्दामागून शब्द येतात, अर्थ कळल्यासारखा वाटतो, पण बाहेर तशी वस्तू नसते, असं ज्ञान. नेहमीचं उदाहरण राहूच्या डोक्याचं. 'राहूचं डोकं' म्हटलं की वाटतं, राहू वेगळा आणि त्याचं डोकं वेगळं. पण राहू म्हणजे नुसतं डोकंच! एकाच वस्तूला शब्दांनी फाटा फोडला आणि दोन केलं. म्हणजे 'वि' उपसर्गाचं काम इथेही तेच चाललेलं आहे.

बौद्ध आचार्य दिङ्नाग याहून पुढे गेला. त्याच्या मते प्रत्यक्ष ज्ञान म्हणजे ज्याला कल्पनेचा स्पर्श झालेला नाही ते. समोर काही दिसलं, हे प्रत्यक्ष. 'ही गाय आहे' असं म्हटलं की विकल्प सुरू झाला. शब्द कसा काम करतो याचं त्याचं उत्तरही विलक्षण आहे. 'गाय' हा शब्द गाईपणा नावाचं काही दाखवत नाही, तो गाय नसलेलं सगळं बाजूला सारतो. याला अपोह म्हणतात. म्हणजे प्रत्येक शब्द उच्चारताना आपण काहीतरी वगळत असतो. नाव देणं हीसुद्धा निवडच आहे! नैयायिकांनी हे जसंच्या तसं मान्य केलं नाही, पण निर्विकल्प आणि सविकल्प हा ज्ञानाचा भेद त्यांच्याकडेही नांदला. निर्विकल्प समाधी हा शब्द तर आज रस्त्यावरचा माणूसही वापरतो.

मग वेदान्ताने कामाची वाटणी करून टाकली. पंधराव्या शतकातल्या सदानंदाच्या वेदान्तसारात ती स्पष्ट आहे. अंतःकरणाची जी वृत्ती संकल्प-विकल्प करते ते मन, आणि जी निश्चय करते ती बुद्धी. मनाचं काम फाटे फोडण्याचं, बुद्धीचं काम ठरवण्याचं.

ही वाटणी मराठीत त्याच्या कितीतरी आधीच येऊन पोहोचली होती. ज्ञानेश्वरीत संकल्प-विकल्प येतात, पुढे एकनाथी भागवतातही येतात. कीर्तनांतून, प्रवचनांतून ते घराघरांत गेले. तिथे पुरोडाशाचा तांदूळ कोणालाच माहीत नव्हता, पण स्वतःचं चंचल मन प्रत्येकाला माहीत होतं. म्हणून मराठीत विकल्प प्रथम रुजला तो शंका या अर्थाने. देवावरच्या श्रद्धेत फाटा पडला तर विकल्प, नात्यातल्या विश्वासात फाटा पडला तरी विकल्प. निवड हा अर्थ शास्त्री मंडळींच्या पोथ्यांत होता. तो सगळ्यांच्या तोंडी आला अलीकडच्या काळात, कचेरीच्या अर्जांतून आणि परीक्षेच्या वैकल्पिक विषयांतून. तर असे एकाच शब्दाचे दोन ओघ, एक कीर्तनातून आलेला आणि एक कचेरीतून. म्हणून आज आपण विकल्प देतोही आणि विकल्प मनात आणूही नका म्हणतो.

शेजारचे शब्द

विकल्पाचं शेजारपाजारही बघून घेऊ. मराठीत या अर्थाने जास्त चालतो तो शब्द पर्याय. 'परि' म्हणजे भोवती, 'इ' म्हणजे जाणं. फिरून येणं, पाळी. उडुपीला कृष्णमंदिराची पूजा आठ मठांकडे पाळीपाळीने जाते, दर दोन वर्षांनी बदल, आणि त्या सोहळ्याचं नाव पर्याय. म्हणजे विकल्पात वाट फुटते, तर पर्यायात पाळी येते. आज हा नाही तर उद्या तो येईल. मला हा शब्द लोकशाहीला फार जवळचा वाटतो.

दुसरा शेजारी अखत्यार. 'ते माझ्या अखत्यारीत येत नाही' हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी माणूस सापडणार नाही. हा शब्द अरबी 'इख्तियार', फारसीतून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ काय? निवड! 'खैर' म्हणजे चांगलं, भलं. त्याच धातूपासून, भलं ते निवडून घेणं. इस्लामी तत्त्वचिंतनात माणसाला इख्तियार आहे की नाही यावर मोठे वाद झाले आहेत. पण आपल्याकडे तो दरबारातून आला, म्हणून निवड मागे पडली आणि अधिकार पुढे आला. निवडण्याची मोकळीक ज्याच्याकडे, अधिकार त्याचा. आणि गंमत बघा, कचेरीत हा शब्द आपल्याला ऐकू येतो तो बहुतेक नकारात.

तिसरा आपला घरचा, निवडणे. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात 'णिव्वड' हे क्रियारूप नोंदवलं आहे. अर्थ, वेगळं होणं आणि स्पष्ट होणं. मराठी 'निवडणे' त्याच घराण्यातला. तांदूळ निवडणारी बाई काय करते? खडा वेगळा करते, दाणा स्पष्ट होतो. आणि याच घराण्यातला दुसरा शब्द आहे निवाडा. जुन्या काळी वादाचा निकाल लागला की निवाडपत्र होत असे. म्हणजे मराठीच्या दृष्टीने निवड हा लहरीचा भाग नाही. निवड हा छोटासा न्याय आहे. सुपातल्या तांदळापासून गोतसभेपर्यंत एकच क्रियापद पुरतं.

आता चित्र पुरं झालं. विकल्प म्हणजे फाटा, पर्याय म्हणजे पाळी, अखत्यार म्हणजे मोकळीक आणि अधिकार, निवड म्हणजे निवाडा.

आज याचं काय करायचं?

दोन गोष्टी सांगतो आणि थांबतो.

पहिली, मतदान यंत्रावरचं शेवटचं बटण. 27 सप्टेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण यंत्रावर आलं. आपण त्याला नोटा म्हणतो. आता मीमांसकाच्या डोळ्यांनी बघा. हा षोडशीचाच प्रश्न आहे: घ्यावं की न घ्यावं. 'नाही' हा विकल्प आहे का? गौतमाची कसोटी लावा, तुल्यबल आहे का? लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली, तरी उमेदवारांत जो पुढे असेल तोच निवडून येतो. म्हणजे बळ सारखं नाही. शास्त्राच्या भाषेत तो विकल्प नव्हे. नाराजी नोंदवण्याची सोय आहे, आणि तिचंही मोल आहे, पण विकल्प नव्हे. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर 2018 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी आदेश काढला की नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. बटण तेच, शब्दही तेच, पण 'नाही'ला बळ आलं. तेव्हा कोणी तुमच्यापुढे दोन वाटा ठेवल्या की विचारा, दोन्हींचं वजन सारखं आहे का? नसेल तर तो विकल्पाचा देखावा आहे.

दुसरी गोष्ट, 'पर्याय नाही' हे वाक्य. धरणाला पर्याय नाही, रस्त्याला पर्याय नाही, अमुक नेत्याला पर्याय नाही. घरातही म्हणतो, 'माझ्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता.' मीमांसकांनी विकल्प शेवटचा उपाय मानला हे खरं. पण तो नाकारण्यासाठी त्यांना प्रत्येक वेळी कारण द्यावं लागलं. हे वचन विशेष आहे का, दोन्ही जमतात का, अपवाद काढता येतो का, हे सगळं भर सभेत मांडून, प्रतिपक्षाचं ऐकून मगच विकल्प नाही असं म्हणता येत असे. आज 'पर्याय नाही' हे चर्चेचं पहिलं वाक्य असतं. त्यांच्याकडे ते फार तर शेवटचं असे. हा फरक लहान नाही.

आणि स्वतःच्या आयुष्याचं म्हणाल, तर आठ दोषांची ती यादी अपराधी वाटण्यासाठी नाही. खऱ्या विकल्पात दोष अटळ आहेत हे मीमांसकांनी मान्य केलं, आणि तरीही तांदूळ घेणाऱ्याचा यज्ञ पुरा होतो आणि जव घेणाऱ्याचाही पुरा होतो असंच सांगितलं. त्यातून मी एवढंच घेतो, की जी वाट आपण घेतली नाही तिला खोटं म्हणायचं नाही. गावात राहिलेल्या भावाला शहरातल्याने, आणि शहरात गेलेल्याला गावातल्याने चूक ठरवायचं कारण नाही. सोडलेल्या वाटेचा मान ठेवता आला, की निवड करूनही मनात विकल्प राहत नाही. शब्दाचे दोन अर्थ मग एकमेकांशी भांडत नाहीत.